पाणी सोडून

कातळबंदरात वजनकाटा नव्हता, कारण तिथे पुरसो मेथर होता.

दाखल्यावर त्याचं नाव पुरुषोत्तम. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला बंदरावर फुरसत कुणाला? होड्या लागल्या, मासळी लिलावाच्या ओट्यावर पडली, की पुरसो पुढे व्हायचा. डावा हात शेपटीखाली, उजव्या हाताची दोन बोटं कल्ल्यात, मासा गुडघ्याइतका उचलायचा आणि एकच हेलकावा द्यायचा. मग ओरडायचा, "पाणी सोडून नऊ!" आणि बोली सुरू व्हायची. चाळीस वर्षांत त्याच्या आकड्यावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ही आजोबांच्या वेळची गोष्ट दिसते. छे! नीट पाहिलंत तर ती अजून घडायचीच आहे. होड्यांना विजेची इंजिनं आली होती, शीतपेट्या आल्या होत्या, वादळाची सूचना दोन दिवस आधी खिशात वाजत होती. फक्त लिलाव तेवढा जुन्या वळणावर राहिला होता. जे बरं चाललंय त्याला कशाला हात लावा, असा कातळबंदरचा स्वभाव.

'पाणी सोडून' हा त्या बंदराचा कायदा होता, कुठे लिहिलेला नसला तरी. मासळी घेणाऱ्या बहुतेक बायका. ती घेऊन त्या आतल्या गावांच्या बाजारांना जायच्या. वाटेत मासा पाणी टाकतो, सुकतो, हलका होतो. हा तोटा बाईच्या पदरात पडू नये म्हणून खऱ्या वजनातला आठवा भाग आधीच वजा करून आकडा सांगायचा. माशातलं पाणीही सोडायचं आणि आपल्या हक्कावरही पाणी सोडायचं, दोन्ही अर्थ त्या दोन शब्दांत सुखाने नांदत होते. त्यातून पुरसोचा हात जरा सैल. कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या मुलीचं लग्न तोंडावर, की आठव्या भागाचा सातवा व्हायचा, कधी सहावाही. होडीवाले ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे. उद्या आपल्याही घरची बाई त्या ओट्यापाशी उभी राहील, हे प्रत्येकाला माहीत होतं.

अशा बंदरात एके दिवशी डॉक्टर ऋजुता देवतळे आली. मूळची चंद्रपूरची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पंचविसाव्या वर्षी. पण माशांवर तिचा इतका जीव की ओट्यावर मेलेली इसवण पाहिली तरी आधी हात फिरवायची. इसवण म्हणजे शहरातल्या लोकांची सुरमई. ऋजुता किनारा मापन मंडळाची शास्त्रज्ञ होती आणि तिच्या पेटीत एक यंत्र होतं. माशाचा नुसता फोटो पाहून त्याचं वजन सांगणारं.

तिने ओट्यावर बसून पुरसोला ते समजावलं. माशाचं वजन लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, म्हणजे वजन दुप्पट नाही, आठपट. लांबी सांगताना दहा टक्के चुकलं, तर वजनात तीस टक्क्यांहून जास्त चूक होते. नजरेने अंदाज करणारे बहुतेक लोक इथेच आपटतात. यंत्र लांबीत चुकत नाही. त्याला माणसासारखे दोन डोळे, थोड्या अंतरावर बसवलेले. दोन चित्रांतल्या फरकावरून मासा किती दूर आणि किती लांब आहे ते त्याला नेमकं कळतं. कळत नाही ते एकच. त्या लांबीचा मासा या पाण्यात किती भरतो? प्रत्येक खाडीच्या माशाची ठेवण वेगळी असते. ते यंत्राला त्या त्या बंदरात शिकवावं लागतं. हजारो मासे दाखवायचे आणि दर माशामागे खरं वजन सांगायचं.

"इतर बंदरांत आम्ही काटे वापरले," ऋजुता म्हणाली. "इथे लिलाव थांबवून एकेक मासा काट्यावर ठेवला तर लोक मला समुद्रात टाकतील."

"टाकतीलच," पुरसो म्हणाला.

मग तिने त्याची परीक्षा घेतली. गाडीतून काटा आणला, पन्नास मासे निवडले. पुरसोने उचलायचं, आकडा सांगायचा, मग मासा काट्यावर ठेवायचा. पन्नास माशांत मिळून त्याची चूक एक टक्क्याच्या आत. आता इथे कुणी बाई उभी नव्हती, बोली नव्हती, मासा काट्यावर जाणार होता; तेव्हा पुरसोने काट्यावर भरेल तेच वजन सांगितलं, सगळं, पाण्यासकट. तसंच सांगायचं असतं. यात समजावून सांगण्यासारखं काही आहे हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

"आबा, तुम्हीच माझा काटा!" ऋजुता नाचायचीच बाकी राहिली.

पुढचे दोन हंगाम लिलावावर दोन डोळे टांगलेले राहिले. पुरसो ओरडायचा आणि आकडा यंत्रात जायचा. चौदा हजार मासे. एकदाच तिने विचारलं, "आबा, हे 'पाणी सोडून' म्हणजे काय हो?"

"पाणी सोडून म्हणजे पाणी सोडून, बाय," पुरसो म्हणाला. आता याहून सोपं काय सांगणार?

तीही समजली. मासा पाणी सोडून बाहेर आला, त्यानंतरचं वजन. तिने रकान्यावर नाव घातलं, 'पाणी सोडल्यानंतरचे वजन', आणि पुढे गेली. कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी निष्काळजीही नव्हतं. दोघांनाही मराठी येत होतं, एवढाच काय तो घोटाळा.

यंत्र धक्क्यावर बसलं, मग प्रत्येक होडीवर बसलं, आणि शेवटी समुद्रात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयांच्या पोटात बसून पाण्यात पोहणाऱ्या माशांचीही वजनं करू लागलं. पहिल्याच आठवड्यात बायकांच्या लक्षात आलं, की यंत्राचा आकडा पुरसोसारखाच कमी येतो. यंत्र पाणी सोडतं! सतू मोंडकर ही बंदरावरची सगळ्यांत जुनी विक्रेती. ती यंत्राखाली उभी राहून म्हणाली, "बगा रे, लोखंडाकव बायलमाणसाची कदर आसा!" सगळं बंदर हसलं. यंत्र आपलं झालं, आपल्या रीतीत मुरलं, म्हणून लोकांनी त्याच्यापुढे नारळसुद्धा फोडला. पुरसो घरी बसला, पण ताठ मानेने. आपला हातच तिथे वर टांगला आहे असं त्याला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

चार वर्षं अशी गेली. पाचव्या वर्षी, हंगाम सुरू व्हायला महिना असताना, बंदी आली.

पुरसोची मुलगी अक्षता हिची स्वतःची होडी होती. नवरा वादळात गेल्यावर तिने होडी विकली नाही, सुकाणूच हातात घेतलं, आणि ज्यांनी नाकं मुरडली ते दोन वर्षांत तिच्यामागून जाळी टाकू लागले. त्या दिवशी ती जाळं तुणायचं सोडून अंगणात आली आणि फोन बापापुढे धरला.

"वाचा, आबा."

मंडळाचं पत्र होतं. प्रत्येक पाण्यातल्या माशांचा एक पुष्टांक काढतात. म्हणजे त्या लांबीच्या धडधाकट माशाचं जे वजन असावं त्याला शंभर धरायचं आणि आपला मासा किती भरतो ते पाहायचं. उपाशी मासा लांब असतो, पण हलका असतो. पुष्टांक नव्वदच्या खाली गेला की त्या समुद्रातलं खाद्य संपत चाललं, मासे झडत चालले, असं धरतात. कातळबंदरचा पुष्टांक चारही वर्षं सलग सत्त्याऐंशी होता. शेजारच्या सगळ्या बंदरांचा शंभराच्या आसपास. म्हणून कातळबंदरच्या पाण्यात तीन वर्षं मासेमारी बंद. रिकाम्या होड्या कुणी चोरून वापरू नये म्हणून दिवाळीपर्यंत मोडीत द्यायच्या.

"उपाशी?" अक्षता म्हणाली. "आमचे मासे उपाशी? अहो, गेल्या हंगामात इसवणीच्या पोटात अशी चरबी होती, की सुरी सरकत नव्हती!"

 पुरसो पत्रातल्या आकड्याकडे पाहत होता.

"सत्त्याऐंशी," तो पुटपुटला. "म्हणजे शंभरात तेरा कमी."

"हां. मगे?"

"तेरा म्हणजे किती गो? कितवो भाग?"

अक्षताने मनात भागाकार केला. आणि तिचा चेहरा उतरत गेला. आठातला एक. बंदरावर वाढलेल्या मुलीला आणखी काही सांगावं लागलं नाही.

तिने बोटांतली तुणायची सुई खाली ठेवली. मग तिने विचारलं, "माझ्या होडीच्या मासळीतय पाणी सोडल्यात तुमी?"

"सोडलंय."

"आठातला एक?"

पुरसोने मान खाली घातली. "तुझ्या होडीचा पाचातला एक."

"कित्याक?"

"लोक म्हणतले, बापूस चेडवाच्या होडीचा वजन वाढवून सांगता."

"लोकांचा मी ऐकून घेतलंय असतंय, आबा," अक्षता म्हणाली. एवढंच. ती चिडली असती, चार भांडी आपटली असती, तर पुरसोला बरं वाटलं असतं. ती उठून आत गेली आणि त्याच्यासाठी चहा ठेवला.  उभ्या आयुष्यात त्याने मुलीला झुकतं माप दिलं नव्हतं, आणि त्याचाच त्याला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी दोघं जिल्ह्याच्या गावी ऋजुताच्या कार्यालयात गेली.  सगळं ऐकून ऋजुताने तो रकाना उघडला, त्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"आबा, मी विचारलं होतं तुम्हाला."

"मी सांगलंय होता, बाय."

ती उगाचच हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. पण बाई हिमतीची. डोळे पुसून म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. प्रत्येक आकड्यात तुम्ही किती पाणी सोडलंत तेवढं कळलं, की मी यंत्राला पुन्हा शिकवते. सगळीकडे आठवाच भाग ना?"

पुरसोने मुलीकडे पाहिलं. अक्षता म्हणाली, "नाही. माणूस बघून."

ऋजुताने जुनी चित्रं पडद्यावर आणली. पहिली इसवण. पुरसोने पुढे वाकून पाहिली. "ही सतूची. तिचो घोव तेव्हा हास्पिटलात होतो. हिचा सहावा." दुसरी. "ही रोशनबीची. आठवा." तिसरी, चौथी, दहावी. त्याला खरोखरच आठवत होतं! कुणाच्या घरी बाळंतीण होती, कुणाच्या छपरावर माड पडला होता, कुणाशी त्याचं भांडण झालेलं म्हणून त्या दिवशी पाणी थोडं कमी सोडलं होतं. ऋजुता भराभर लिहून घेत होती. छत्तिसाव्या माशाला तो अडखळला. मागे फक्त एक हिरवी बांगडी दिसत होती. चाळिसाव्याला पुन्हा. साठाव्याला त्याने चष्मा काढून ठेवला.

"किती आसत गो एकूण?"

"चौदा हजार," ऋजुता म्हणाली आणि पडदा बंद केला.

मग राहिला एकच उपाय. शंभर ताजे मासे धरायचे, काट्यावर ठेवायचे, आणि मंडळापुढे खरी वजनं मांडायची. ऋजुताने त्याच दिवशी अर्ज केला, सोबत पुरसोचा जबाब जोडला, आणि खाली स्वतःची चूक स्वतःच्या सहीने कबूल केली. तशी तिला गरज नव्हती. नोकरीवर बेतू शकलं असतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते सांगायला ती स्वतः बंदरावर आली. अक्षताच्या अंगणात बसून तिने कागद वाचला. 'बंदी असलेल्या पाण्यातून नमुना म्हणून मासे धरण्यासाठी तेथील साठा सुदृढ असल्याचे सिद्ध व्हावे लागते. सदर साठ्याचा पुष्टांक सत्त्याऐंशी असल्याने परवानगी देता येत नाही.'

"पण सत्त्याऐंशी खोटा आहे, तेच तर दाखवायचंय!" अक्षता म्हणाली.

"हो."

"आणि दाखवायला मासा हवा."

"हो."

"आणि आबांचा जबाब?"

ऋजुताने दुसरा परिच्छेद वाचला, आवाज शक्य तितका सपाट ठेवून. 'संबंधित व्यक्तीची अचूकता नव्व्याण्णव टक्के असल्याचे पन्नास माशांच्या चाचणीत सिद्ध झालेले आहे. सबब, त्यांचे आकडे चुकीचे होते हा त्यांचाच दावा ग्राह्य धरता येत नाही.'

पुरसोला ते समजायला एक क्षण लागला. आपण कधी चुकत नाही, असं सरकारी कागदावर लिहून आलं होतं. चाळीस वर्षांत हे ऐकायला त्याला किती आवडलं असतं.

"तीन वर्षांनी तपासणार ना परत?" त्याने विचारलं.

"तपासतील. बोये तपासतील. पाण्यातले मासे बघून." ऋजुता म्हणाली. "तेही तुमच्याकडूनच शिकलेत, आबा."

म्हणजे तीन वर्षांनीही सत्त्याऐंशी. सहा वर्षांनीही. समुद्र माशांनी फुटायला आला तरी सत्त्याऐंशी. अक्षता उठून धक्क्याकडे निघून गेली. तिथे तिची होडी उभी होती. मोडणारी माणसं परवा येऊन मापं घेऊन गेली होती आणि नाळेवर, पुढच्या टोकावर, खडूने आकडा घालून गेली होती.

पुरसो रात्रभर तळमळला आणि सकाळी ठरवून उठला. सगळा कारभार कागदावर अडला होता, आणि कागदाशी त्याचं कधी जमलं नव्हतं. पण यंत्र तर त्याचं शागीर्द होतं! एक मासा, एकच, खऱ्या काट्यावर ठेवून यंत्राच्या डोळ्यांसमोर धरायचा. शागिर्दाला इतकंही दिसणार नाही? उस्तादाने आपल्या तोंडाने चूक सांगितली तर शागीर्द ऐकतो, असा त्याचा हिशेब.

अक्षताने त्याला अडवलं नाही. उपयोग होईल असं तिला वाटत नव्हतं, पण तो एकटा गेला असता तर तिलाच किनाऱ्यावर वाट पाहत बसावं लागलं असतं. भर सकाळी, लपवाछपवी न करता, दोघं छोटी होडी घेऊन खडकाच्या टोकापर्यंत गेली. गळाला मासा लागायला दोन तास लागले. लागली ती अशी इसवण, की दोरीने पुरसोच्या तळव्याची साल काढली. होडीत घेतल्यावर बापलेक तिच्याकडे पाहतच राहिली. पाठ गुबगुबीत, पोट घट्ट, अंगावर चांदी नुसती सांडत होती.

"ही उपाशी!" अक्षता म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

धक्क्यावर रेशन दुकानाचा काटा आणून ठेवला होता. बातमी पसरलीच होती. सतू, होडीवाले, दहावीस बायका जमल्या होत्या. पुरसोने इसवण काट्यावर ठेवली. आकडा उमटला, नऊ किलो चारशे. बंदर पहिल्यांदाच पाण्यासकट वजन पाहत होतं. पुरसोने काटा उचलून यंत्राच्या अगदी खाली सरकवला, आकडा दोन डोळ्यांकडे वळवला आणि वर पाहून म्हणाला, "बग रे. ह्या खरा. आदी सांगलंय ता सोडून दी."

यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. 

यंत्राने पाहिलं. लांबी पाहिली, जाडी पाहिली, चांदी पाहिली. त्याला मासा बघायला शिकवलं होतं, काटा बघायला शिकवलं नव्हतं. ऋजुताचा फोन अर्ध्या मिनिटात आला. मंडळात तिच्या पडद्यावर नोंद उमटली होती आणि तिला ती थांबवता आली नव्हती.

"अक्षता, काय केलंत हे?" ती म्हणाली. "धरणाऱ्यासाठी तो बेकायदा मासा असतो, पण यंत्रासाठी समोर येईल तो प्रत्येक मासा नमुनाच. त्याने तुमची इसवण मोजली. आठ किलो दोनशे. पुष्टांक सत्त्याऐंशी. आतापर्यंत फक्त बोयांचे आकडे होते, आता जमिनीवरच्या ताज्या नमुन्याने त्यांना दुजोरा मिळाला असं धरलं गेलंय. बंदी तीनची पाच वर्षं झाली."

अक्षताने फोन कानाला लावूनच बापाकडे पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही, गर्दीला सांगावं लागलं.  सतू ओट्यावर बसली.

थोड्या वेळाने किनारा रक्षक लवू खवणेकर आला. बंदरातलाच मुलगा, आता तिशीचा, पुरसोच्या ओट्याभोवती खेळून मोठा झालेला. त्याला मासा जप्त करायचा होता, आणि ते करताना त्याच्या मनाला इतकं लागत होतं की तो कुणाकडेच पाहत नव्हता. त्याने फोनवर फॉर्म उघडला. माशाची जात, लांबी, धरणाऱ्याचं नाव. वजनाच्या चौकटीत यंत्राचा आकडा आपोआप येऊन बसला होता.

त्याने फोन खाली केला. "आबा," तो हळूच म्हणाला, "खाली शेऱ्याची जागा आसा. तुमी उचला आणि सांगा. मी तुमचा वजन लिवतंय. लोकांका तरी कळांदे."

काटा बाजूलाच होता, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पुरसोकडे पाहत होते. त्याने डावा हात शेपटीखाली घातला, दोन बोटं कल्ल्यात घातली आणि इसवण गुडघ्याइतकी उचलली. एक हेलकावा दिला. मग दुसरा दिला. दुसरा हेलकावा त्याने आयुष्यात कधी दिला नव्हता. लोक वाट पाहत राहिले. अक्षता पुढे झाली, तिला वाटलं म्हाताऱ्याला वजन पेलत नाही. पण हात स्थिर होते. ओठ तेवढे हलत होते, एकदा पाणी धरून, एकदा पाणी सोडून आकडा जुळवत असल्यासारखे, आणि आकडा काही जुळत नव्हता.

"लवू," शेवटी पुरसोने विचारलं, "तुझा यंत्र काय म्हणता?"

"आठ दोनशे."

"लिव मगे," पुरसो म्हणाला, आणि इसवण ओट्यावर ठेवली.